पार्लर विकलं आणि सोबत आमची वहीपण विकली : ५ पैकी अडीच स्टार

आधीच सांगते, नाव लिहिणार नाहीये. डोंबिवली पूर्वेतल्या बायकांना दोन ओळींत कळेल कुठलं ते, आणि बाकीच्यांना नाव कळून तसाही काय उपयोग. शिवाय तिथे पाचसहा मुली पोटासाठी दिवसभर उभ्या असतात, त्यांच्या कामाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. माझी तक्रार काउंटरवर जे झालं आणि त्याच्या आधी दोन मालकिणींमध्ये जे ठरलं त्याबद्दल आहे. आणि ही एकाच पार्लरची गोष्ट नाही, तुमच्या आजूबाजूला बघा, गाळ्यातली नाहीतर घरातली पार्लरं बंद होतायत आणि मोठी सलोन त्यांची गिऱ्हाईकं घेतायत. म्हणून रिव्ह्यू लांबलाय, कंटाळा आला तर स्टार बघा आणि पुढे जा.

तर आमच्या सोसायटीच्या खालच्या गाळ्यात एक ताई पार्लर चालवायच्या. दोन खुर्च्या, पडद्यामागे एक बेड, कोपऱ्यात वॅक्सचा हीटर आणि गणपतीच्या फोटोला रोज ताजा हार. आयुष्यभर वाकून थ्रेडिंग केल्यावर मान आणि कंबर जाणारच, तशी त्यांची गेली, मुलगी नाशिकला असते तिच्याकडे जायचं ठरलं आणि त्यांनी पार्लर एका मॅडमना दिलं ज्यांचं कल्याणला आधीच एक मोठं सलोन आहे. दिलं म्हणजे गाळ्याचं डिपॉझिट, खुर्च्या, स्टीमर, शिल्लक सामान आणि ‘चालू गिऱ्हाईक’. हा शेवटचा आयटम नीट लक्षात ठेवा.

आता जे चांगलं आहे ते आधी लिहिते, नाहीतर म्हणाल ही नुसती भांडायलाच बसलीये. नवीन सलोन स्वच्छ आहे, म्हणजे खरंच स्वच्छ. वॅक्सला डिस्पोजेबल पट्ट्या, बेडवर दरवेळी नवीन कागद, स्पॅच्युला एकदा बुडवला की कचऱ्यात. थ्रेडिंगचा दोरा मुली गळ्यात अडकवतात, आमच्या ताई दातात धरायच्या आणि आम्ही वर्षानुवर्षं ते चालवून घेतलं, कोविडनंतरसुद्धा. ताईंकडची एक जुनी मुलगी त्यांनी कामावर ठेवली हे फार बरं केलं, माझ्या भुवयांचा शेप तिलाच कळतो, डावी जरा वर आहे ती कशी मॅच करायची ते तिला सांगावं लागत नाही. आयब्रोचे ५० होते ते ८० झाले, ठीक आहे, एसी आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ताईंकडे भरलेल्या पॅकेजमधले माझे उरलेले क्लीनअप त्यांनी एक शब्द न बोलता मान्य केले. असं सगळे करत नाहीत बरं का, पार्लर बदललं की ‘ते जुन्या मालकाचं, आमचा संबंध नाही’ हे उत्तर माझ्या बहिणीने ठाण्यात ऐकलेलं आहे. त्यामुळे कामाला चार स्टार, पॅकेज पाळल्याबद्दल पाच.

मग अडीच का, तर ऐका.

पहिल्यांदा गेले तेव्हा शनिवार होता, गर्दी, सोफ्यावर चारजणी, माझ्या मागे आमच्याच विंगमधल्या एक काकू. रिसेप्शनच्या मुलीने टॅब पुढे घेतला, मोबाईल नंबर विचारला, सांगितला. तिचा चेहरा खुलला. ‘हां मॅम, तुम्ही आमच्या जुन्या क्लायंट!’ मी तिला आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मग ती वाचायला लागली, आणि मोठ्याने, कारण वर म्युझिक चालू होतं. ‘रूट टचअप, अमोनिया नको. चिन थ्रेडिंग, पीसीओएस. डाव्या कानामागे चाई, केस झाकून सेट करायचे.’ मग जरा थांबून, स्वतःच हसत, ‘भाव करते पण टिप देते.’

शेवटच्या वाक्याला मीपण हसले, खोटं कशाला बोलू, ताईंचं अक्षर डोळ्यांसमोर आलं. पण आधीचं सगळं? पीसीओएस म्हणजे हॉर्मोन्सचा त्रास, त्याने हनुवटीवर केस येतात, आणि चाई म्हणजे डोक्यावरचे केस एकाच जागी गोल गळतात ते. चाईचं मी घरात फक्त नवऱ्याला सांगितलेलं, डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू होती, आणि ताईंना सांगावं लागलं कारण केसांत हात त्यांचा जाणार होता. मागून लगेच काकू, ‘अगं बाई, तुला चाई आहे? कांद्याचा रस लाव गं.’ त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मला माहितीये. पण चाई संसर्गाने होत नाही, शरीराचीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उठते म्हणून होते, हे मी त्या काउंटरवर उभी राहून चारजणींना समजावत होते कारण सोफ्यावरची एक बाई तिच्या मुलीला हळूच पलीकडे सरकवत होती. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, ‘डोक्याला काय झालंय म्हणे?’ म्हणजे टॅबवरून सोफ्यावर, सोफ्यावरून लिफ्टमध्ये आणि लिफ्टमधून आमच्या स्वयंपाकघरात. इंटरनेट लागलंच नाही.

हे तिथे पोचलं कसं तेही सांगते, कारण त्यातच सगळं आहे. ताईंकडे आधी लांबडी वही होती, नाव, काय केलं, पैसे, आणि शेवटचा रकाना शेरा. खरं तर वही पण नंतरची, त्याच्याही आधी सगळं ताईंच्या डोक्यात असायचं, कुणाला चंदनाच्या पॅकने खाज येते, कुणाच्या नवऱ्याला मोकळे केस आवडत नाहीत, कुणाचं लग्न ठरतंय. मग २०२० च्या जूनमध्ये लॉकडाउन सैल होऊन सलोन उघडली ती अपॉइंटमेंट घेऊनच चालवायची अट होती, तेव्हा ताईंनी सगळ्यांचे नंबर मोबाईलमध्ये घेतले, पुढे मुलीने एक फुकटातलं बिलिंगचं ॲप टाकून दिलं आणि हळूहळू शेऱ्याचा रकानाही त्यात टाईप झाला. डोक्यात होतं तोवर ते विकता येत नव्हतं. ॲपमध्ये गेल्यावर एका बटणावर एक्सेल शीट निघते, आणि ती निघाली.

ताई म्हणजे काही गुप्ततेचा किल्ला होत्या असं नाही हं. कुणाची सून माहेरी गेली, कुणाचा मुलगा कुणाबरोबर फडके रोडला दिसला, हे मीच तिथे बसून कान टवकारून ऐकलेलं आहे. पार्लरमध्ये गप्पा होतातच, नाहीतर अर्धा तास चेहऱ्यावर पॅक लावून करायचं काय. पण ताई बोलल्या तर ‘ताई बोलल्या’ हे कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना सुनावता यायचं. एकदा एकीने सुनावलंही होतं, चांगलं कडकडीत, त्यानंतर ताई तिच्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. टॅबवर वाचणाऱ्या मुलीला मी काय सुनावू? तिने काही केलंच नाही, तिच्यापुढे जे आलं ते तिने वाचलं. आणि आता तो शेरा कल्याणच्या ब्रांचलाही दिसतो, कारण सॉफ्टवेअर एकच आहे. मॅडमनीच अभिमानाने सांगितलं, ‘तुम्ही कुठल्याही ब्रांचला जा, तुमची पूर्ण हिस्ट्री निघेल.’

मग आला व्हॉट्सॲप ग्रुप. एका सकाळी उठले तर मी सलोनच्या ‘फॅमिली’मध्ये, सोबत दोनशेच्या वर बायका. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात हे शेंबड्या पोरालाही माहितीये. छोटे दुकानदार असा ग्रुप का करतात तेही मला कळतं, ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, बाकीच्यांना जातच नाही, आणि नवीन सलोनचा नंबर सेव्ह कुणी केलेला असणार? पण त्याच ॲपमध्ये कम्युनिटी म्हणून प्रकार आहे, त्यात मेंबरांना एकमेकींचे नंबर दिसत नाहीत, पाच मिनिटांचं काम होतं. नाही केलं. दुपारपर्यंत त्या ग्रुपमधूनच नंबर उचलून एका बाईने मला पैठण्यांचे फोटो पाठवले आणि दुसरीने विम्याचं विचारलं. आमच्याकडे एक मुलगी आहे जिने घरच्या भानगडीमुळे नंबर बदललेला होता आणि मोजक्याच लोकांना दिलेला, ताईंना दिलेला कारण अपॉइंटमेंट घ्यावी लागते. तिने तासाभरात ग्रुप सोडला, पण तेवढ्यात ज्याला बघायचं त्याने बघितला असणार ना. (तुम्ही करा एक काम, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथे ग्रुप्स, आणि ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करून ठेवा, मग अनोळखी नंबर तुम्हाला परस्पर ग्रुपमध्ये टाकू शकत नाही.)

याहून वाईट प्रकार दुसऱ्या विंगमध्ये झाला. एका मुलीचं लग्न ठरलेलं, ताईंकडे प्री-ब्रायडलची चौकशी केलेली, वहीत तारीखही लिहिलेली. लग्न मोडलं. ताईंना माहिती होतं, सगळ्या सोसायटीला माहिती होतं, त्या दोन महिने तिला साधं ‘काय गं कशी आहेस’ याच्यापुढे काही विचारत नव्हत्या. शीटमध्ये मात्र तारीख तशीच. नवीन सलोनच्या सॉफ्टवेअरने वेळेवर, अगदी इमाने इतबारे मेसेज टाकला, ‘तुमच्या मोठ्या दिवसाला फक्त ३० दिवस! ब्रायडल ग्लोवर २० टक्के सूट’ आणि पुढे नाचणारी नवरी. तिच्या आईने मला दाखवला. मी काय बोलणार.

म्हणून मग मी मॅडमशी बोलायला गेले, दुपारची, गर्दी नसताना. मॅडम वागायला चांगल्या आहेत, बसवलं, चहा मागवला. मी म्हटलं मॅडम, आमची माहिती तुमच्याकडे आली ती आम्हाला न विचारता. त्या म्हणाल्या, ‘अहो, मी विकत घेतलीये ना. डेटाबेसचे पैसे दिलेत वेगळे.’ मी म्हटलं पण ताईंकडे ती विकायला नव्हती, ती आम्ही कामापुरती सांगितलेली. मग त्यांनी जे सांगितलं त्यात तथ्य आहे, तेही लिहिते. ‘तुमची ॲलर्जी मला माहिती नसेल आणि उद्या डायने चेहरा सुजला तर तुम्ही मलाच धराल ना?’ धरेन, अगदी धरेन.

हे बोलताना माझं लक्ष काउंटरखालच्या खोक्याकडे गेलं. प्लॅस्टिकचं झाकणाचं खोकं, आत पाचसहा मोबाईल, प्रत्येकावर पांढऱ्या पट्टीवर नाव चिकटवलेलं. मी विचारलं हे काय. मॅडम म्हणाल्या, ‘स्टाफचे. ड्युटीवर फोन जमा करायचा असा नियमच आहे आपल्याकडे. नाहीतर क्लायंटचे नंबर घेतात हो, आणि सोडून गेल्या की घरी सर्व्हिस द्यायला लागतात. आपलं गिऱ्हाईक जातं.’

म्हणजे नंबर जपायचा कसा हे त्यांना पक्कं माहितीये. मुलीने वहीतून नंबर उतरवला तर ती चोरी, आणि मालकिणीने मालकिणीला अख्खी वही दिली तर तो व्यवहार. मी हे त्यांना तोंडावर म्हटलं. त्या हसल्या, म्हणाल्या ‘तुम्ही बँकेत आहात का?’ आहे. कसं ओळखलं तर त्यांनी टॅबकडे बोट दाखवलं. तेही लिहिलेलं होतं.

बरं बँकेवरून आठवलं. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली तेव्हा लाखो लोकांची खाती इकडून तिकडे गेली, एकेकाला जाऊन विचारलं असं नाही. पण ते सरकारी योजनेने झालं, जाहीर झालं, पेपरात आलं आणि दोन्हीकडच्या स्टाफवर खात्याची माहिती बाहेर न बोलायचं बंधन आधीपासून होतं. आमच्याकडे काउंटरवर कुणाचा बॅलन्स मोठ्याने वाचला तर मॅनेजर केबिनमध्ये बोलावतो. पार्लरवाल्यांवर एवढं ओझं टाका असं मी म्हणत नाहीये, पण बँकेला माझ्या हनुवटीवर केस येतात हे माहिती नाही आणि पार्लरला आहे, मग जास्त जपून कुणी राहायचं?

कायद्याचं थोडं, कारण सोसायटीच्या ग्रुपवर बऱ्याचजणींनी ‘अगं याला काही कायदा नाही’ म्हणून सोडून दिलं. आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, त्यात कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कुठल्या ते दिलंय, आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती कायद्यात बसत नसताना दुसऱ्याला देणं हे त्यात सरळ लिहिलेलं आहे. हा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, आणि वही कागदाची होती की कॉम्प्युटरवर असला फरक तो करत नाही. तक्रार करायची तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात गेलात तर ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. गंमत म्हणजे या कलमाप्रमाणे आधी नंबर लागतो तो ताईंचा, कारण विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला दिली ती त्यांनी. हे कळल्यावर माझा निम्मा जोर तिथेच गेला, खरं सांगते.

दुसरा तो नवीन, डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि धंदेवाल्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार. वहीत हाताने लिहिलेलं त्यात येत नाही, टॅबमध्ये टाईप केलं की येतं. तेव्हा संमती मागताना नक्की कशासाठी माहिती हवी ते सांगावं लागेल, ती नोटीस हवी तर मराठीत मागता येईल, आणि दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. १८ वर्षांखालच्या मुलींची माहिती ठेवायची तर आईवडिलांची संमती, आता विचार करा, दहावीच्या किती मुलींची नावं या शीटमध्ये असतील. कंपन्यांच्या विलीनीकरणाला त्यात काही सूट आहे पण ती कोर्ट किंवा ट्रिब्युनलने मंजूर केलेल्या योजनेसाठी, गाळ्यात चहा पिऊन ठरलेल्या सौद्याला नाही. दंडाचा आकडा २५० कोटींपर्यंत आहे, तो बघून हसू नका, ती जास्तीत जास्तची मर्यादा आहे, आमच्या मॅडमना कुणी २५० कोटी मागणार नाहीये.

आणि तो मेसेजचा त्रास १९०९ वर डीएनडी, म्हणजे ‘जाहिराती नकोत’ची नोंद, करून थांबेल असं एकीने लिहिलेलं, नाही थांबत. ते फोन कॉल आणि एसएमएससाठी आहे, व्हॉट्सॲपला लागू नाही, तिथे ब्लॉक आणि रिपोर्ट हेच.

आता ॲलर्जीचा मुद्दा, कारण मॅडम त्याच्याच मागे लपत होत्या. डायच्या बाबतीत जुन्या शेऱ्यावर विसंबून राहणं हेच मुळात धोक्याचं. काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं केमिकल असतं, वर्षानुवर्षं लावूनही काही झालेलं नसतं आणि एक दिवस अचानक त्याची ॲलर्जी सुरू होते. ताईंच्या शीटमध्ये ‘ॲलर्जी नाही’ लिहिलंय ते २०२१ चं असेल. बहुतेक डायच्या खोक्यावरच लिहिलेलं असतं, प्रत्येक वेळी ४८ तास आधी थोडंसं लावून बघा. मग ते करा ना! तसंच वॅक्सचं, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स करायचं नसतं, सालं निघतात अक्षरशः, पण गोळ्या चालू आहेत की नाहीत ते आजचं विचारायला हवं, गेल्या वर्षीचं वाचून काय करणार. म्हणजे जी माहिती खरंच सुरक्षेसाठी लागते ती नव्याने विचारावीच लागते, आणि जी जुनी उपयोगी पडते ती काय तर लग्नाची तारीख, वाढदिवस, आणि भाव करते की नाही. ती कुणाच्या उपयोगाची ते तुम्हीच बघा.

मला विचारलं तर करायला हवं होतं ते इतकंच, ताईंनी स्वतःच्या नंबरवरून प्रत्येकीला एक मेसेज टाकायचा, मी पार्लर अमक्यांना देतेय, तुझं पॅकेज इतकं शिल्लक आहे, तुझं नाव नंबर त्यांना देऊ का. जिने हो म्हटलं तिचं नाव, नंबर आणि पॅकेज द्यायचं. शेऱ्याचा रकाना द्यायचाच नाही, तो पुसायचा. नवीन मॅडमनी एक साधा कागद द्यायचा, आपल्याला जे सांगावंसं वाटतं ते आपण भरायचं, बास. मी तर हो म्हटलं असतं, लगेच. बहुतेकींनी म्हटलं असतं.

ताईंना फोन केला मी. राहवलं नाही. ‘ताई, तुम्ही चाईचं पण दिलंत?’ तिकडून थोडा वेळ काहीच नाही, मग म्हणाल्या, ‘अगं, मला वाटलं तुला परत पहिल्यापासून सगळं सांगत बसायला नको. लाजतेस तू.’ आणि मग, ‘खरं सांगू का, गाळा मालकाचा, खुर्च्या मोडक्या, मला जे पैसे मिळाले ते तुमच्या सगळ्यांमुळेच मिळाले गं.’ त्यांनी हे कौतुकाने म्हटलं. आभार मानल्यासारखं. पीएफ नाही, पेन्शन नाही, तीस वर्षं उभं राहून काम केलेल्या बाईकडे शेवटी विकायला उरतं काय, तर आम्हीच. त्यामुळे ताईंवर मला नीट रागावताही येत नाही आणि झालं ते बरोबर होतं असंही म्हणवत नाही. त्यांच्यावर तक्रार मी करणार नाही. मॅडमवर मात्र नजर ठेवून आहे, कारण त्यांच्याकडे पैसे होते, सॉफ्टवेअर होतं आणि फोन जमा करायचं खोकंही होतं.

निष्पन्न काय झालं ते सांगते. मॅडमनी माझ्यासमोर माझ्या कार्डचा नोट्सचा भाग पुसला, मी स्क्रीन बघत उभी राहिले. कल्याणच्या ब्रांचलाही दिसत नाही ना हे फोन लावून खात्री करून घेतली, त्यांना ते आवडलं नाही, न आवडू दे. नंबर ठेवायला मी परवानगी दिली कारण पॅकेज बाकी आहे. ग्रुप बंद करून कम्युनिटी केली, पण सगळ्यांच्या फोनमध्ये सगळ्यांचे नंबर आता गेलेत ते गेलेत. रिसेप्शनची मुलगी आता टॅब आपल्याकडे फिरवून बोटाने दाखवते, वाचत नाही, ही सुधारणा मात्र खरी आहे. त्या लग्न मोडलेल्या मुलीच्या आईला मॅडमनी स्वतः घरी जाऊन सॉरी म्हटलं असं ऐकलं, याचा अर्धा स्टार वाढवला, आधी दोनच देणार होते. बाकीच्या दोनशेजणींचे शेरे अजून तिथेच आहेत. ज्यांना पुसायचेत त्यांनी स्वतः जाऊन सांगा, ‘माझ्या कार्डवर काय लिहिलंय ते दाखवा’ एवढंच म्हणायचं, त्या दाखवतात.

रूट टचअप मी सध्या घरीच करतेय, नवरा मागचे केस रंगवतो आणि बाथरूमच्या टाइल्सही. थ्रेडिंग आणि क्लीनअपला मात्र तिथेच जाणार, पॅकेज संपेपर्यंत तरी. तुम्हाला जायचं असेल तर मधल्या वारी दुपारी तीनच्या सुमारास जा, सातनंतर लोकलवरून उतरलेल्या सगळ्या तिथेच असतात. भुवयांसाठी ताईंकडची जुनी मुलगी मागून घ्या, आणि नंबर विचारला तर आधी विचारा कशाला हवा. नुसत्या ८० रुपयांच्या आयब्रोला नंबर लागत नाही, मी न देता करून बघितलंय, बिल हातावर देतात.